डिम्फ्ना हॅनराहनचा डूख

सामना संपला की आमच्या क्लबातली माणसं बारकडे येतात आणि डिम्फ्ना हॅनराहन चिखलाकडे जाते. चाळीस वर्षं ती सँडमॉल रोव्हर्सच्या जर्स्या धुते आहे. शेवटची दहा मिनिटं उरली की ती मैदानाच्या कडेला येऊन उभी राहते, शिट्टी झाली की पंधराच्या पंधरा जर्स्या पोत्यात कोंबून नदीकाठच्या घरी नेते, आणि सोमवारी संध्याकाळी माझ्यासमोरच्या उंच स्टुलावर बसून मला शनिवारचा सामना सांगते. पहिली सत्तर मिनिटं तिनं बघितलेली नसतात. तरी तिचं चुकत नाही.

"अकरा नंबरच्या छातीला चिखल नाही, मॉसी. पाठ मात्र बरबटलेली. म्हणजे ह्याला लोकांनी पाडलं, ह्यानं कुणाला पाडलं नाही."

"अगं, चेंडू रेषेपार टेकवून दोन ट्राय केले की त्यानं!"

"करू दे. पुढून कसा, नुकतं न्हाऊ घातलेल्या बाळासारखा आहे. विंगर म्हणजे गल्लीच्या टोकाचं घर. तिथं पाहुणे कमी येतात, चोर जास्त. चोर आला तेव्हा हा कुठं होता?"

मॉसी म्हणजे मी. क्लबचा बार सांभाळतो. आयर्लंडातल्या आमच्या लिमरिकमध्ये गोदीतला हमाल आणि दातांचा डॉक्टर एकाच बाकावर बसून भांडतात ते फक्त रग्बीवरून, आणि ती भांडणं ऐकून माझा डावा कान कामातून गेला आहे. पण डिम्फ्ना बोलायला लागली की मी उजवा कान तिच्याकडे करतो. कोपराला हिरवट डाग म्हणजे पोरगा गवतावर घसरून चेंडूवर पडला, शाबास. गुडघे काळे आणि खांदे कोरडे म्हणजे समोरच्याच्या पायात शिरला नाही, नुसता टेकला. गळपट्टी फाटलेली असेल तर ती स्वतः शिवते आणि वर त्या पोराच्या डब्यात केकचा तुकडा ठेवते. स्वच्छ जर्सीवाल्याला केक नाही.

तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे तिच्या डुखाबद्दल लिहायला हवं. त्याला माझा इलाज नाही. डिम्फ्नानं लग्न केलं नाही, परदेश बघितला नाही, एक डूख मात्र असा जपला की दुसऱ्या कुणी लेकरूसुद्धा इतक्या निगुतीनं वाढवलं नसतं. लोक म्हणतात, माफ करावं माणसानं. म्हणणाऱ्यांचं बहुतेक काही गेलेलं नसतं.

तिचं काय गेलं होतं ते सांगतो. आमच्या मैदानावर समोरच्याला पाडायचा टॅकल कुणी चुकवला की कडेची माणसं ओरडतात, "हॅनराहन!" कुणी अंग चोरलं की म्हणतात, "हॅनराहन केलंस, लेका." आठ-आठ वर्षांची पोरं एकमेकांना तसं म्हणतात. ते कुणाचं आडनाव आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, भित्रेपणाला रग्बीत हाच शब्द आहे. आणि त्याच मैदानाच्या कडेला, हातात रिकामं पोतं घेऊन, डिम्फ्ना हॅनराहन उभी असते. अडतीस वर्षं तिनं ते ऐकलं. मान वळवली नाही. ओरडणारा कोण ते मात्र ती न बघताही आवाजावरून ओळखायची, आणि पुढच्या शनिवारी त्याच्या पोराची जर्सी ओली मिळायची.

हॅनराहन म्हणजे तिचा थोरला भाऊ, सेनन. बेकनच्या कारखान्यात कामाला होता. उजव्या कडेचा विंगर, चौदा नंबर. धिप्पाड, अबोल, आणि समोरच्याला असा आडवा करायचा की उठल्यावर त्या माणसाला स्वतःचं नाव आठवायला वेळ लागायचा. डाव्या कडेला अकरा नंबर गसी मलक्वीन. बारीक, चपळ, गोड बोलणारा. दोघं एकाच गल्लीतले, एकाच बाकावर शिकलेले.

एकोणीसशे सहासष्टचा कपाचा अंतिम सामना कॉर्कच्या क्लबशी होता. त्या दिवशी शॅनन नदीवरून असं धुकं आलं की या टोकाच्या माणसाला त्या टोकाचे खांब दिसेनात. आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. शेवटची मिनिटं. आमची सगळी पोरं पलीकडच्या टोकाला चिखलात रुतलेली, आणि कॉर्कवाल्यांनी चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून लांब मारला. त्यांचा एक गडी चेंडू उचलून सुटला. त्याच्या आडवे जायला आमचे दोघेच पळत आले, दोन्ही विंगर, एकाच कोपऱ्याकडे. त्यातला एक आधी पोचला. प्रेक्षकांच्या बांधावरून आम्हाला दिसली ती त्याची पाठ, आणि पाठीवरचा पांढरा चौदा. समोरचा गडी सरळ अंगावर आला. चौदा नंबरनं बस थांबवायला करतात तसा एक हात पुढे केला आणि अंग बाजूला घेतलं. कप कॉर्कला गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, चौदा नंबरच्या हॅनराहननं अंग चोरलं. सामन्याच्या पत्रकात चौदा नंबरापुढे हॅनराहन छापलं होतं, तेवढं बातमीदाराला पुरलं. आणि पेपरात आलं म्हणजे झालं. जे मैदानावर हजर होते त्यांनीही आपण काय पाहिलं ते पेपर वाचूनच ठरवलं. मी सतरा वर्षांचा होतो. मीही ओरडलो. खोटं कशाला सांगू?

कारखान्यात सेननच्या खुंटीवर कुणीतरी बायकांचा झगा टांगला. त्याची आई, नोनी हॅनराहन, चर्चमध्ये अकराच्या मासला, म्हणजे प्रार्थनेला, जायची ती पहाटे सातच्या मासला जायला लागली, गर्दी नसते म्हणून. अकराव्या दिवशी सेनन बोटीवर चढला आणि इंग्लंडात कॉव्हेंट्रीला गेला. तिथं मोटारींच्या कारखान्यात राबला, तिथंच लग्न केलं, तिथंच राहिला.

पुढचं मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे हा राग कोणत्या चुलीवर शिजला ते कळेल.

सामन्याच्या संध्याकाळी जर्स्या डिम्फ्नाकडे आल्या. वीस वर्षांची होती ती. नोनीनं सेननला एक लहानसं पदक दिलं होतं, देवमातेचं, ते तो सामन्याच्या वेळी जर्सीच्या आत गळ्याशी टाचून ठेवायचा. डिम्फ्ना धुण्याआधी ते काढून घ्यायची. त्या दिवशी चौदा नंबरच्या जर्सीत पदक नव्हतं. ते अकरा नंबरमध्ये सापडलं. आणि अकरा नंबरची छाती, खांदे, बाह्या चिखलानं गच्च. चौदा नंबरची छाती कोरडी.

पोरगी तशीच उठून गसीच्या दारात गेली. "चौदा तू घातली होतीस?"

गसीनं तिला आत घेतलं नाही, बाहेरच्या पायरीवर बसवलं. फार मायेनं बोलला म्हणे. "डिम्फ्ना, या आठवड्यात जर्स्या उकळल्यास ना तू? चौदा आटली गं. सेननच्या डोक्यातून खाली उतरेना. शेवटी मी बारीक म्हणून ती मी घातली, त्याला माझी दिली. आता हे बाहेर पडलं तर सगळं येईल बाहेर. तुझी आई विचारेल, जर्सी कुणी आटवली. पोराची अब्रू कुणामुळं गेली, असं वाटेल तिला. तुझं तू बघ. मी काही बोलणार नाही."

तिनं खरोखरच त्या आठवड्यात पाणी जास्त तापवलं होतं. घरी येऊन तिनं चौदा नंबरची जर्सी दुसरीवर ठेवून मोजली. भिजलेलं, ताणलेलं, मळलेलं कापड. भ्यालेल्या माणसानं मोजलं की मापसुद्धा भीतीच्या बाजूनं निघतं. तिला ती आटलेली वाटली.

तुम्ही विचाराल, सेनन स्वतः का नाही बोलला? कपडे बदलताना बाकीच्या कुणी काहीच बघितलं नव्हतं का? दोघातिघांनी बघितलं असणार. पण आमच्या या बेटावर चुगलखोराइतका नीच माणूस नाही. भित्र्याला लोक हसतात, चुगली करणाऱ्याच्या मयताला मात्र जात नाहीत. ज्याचं त्यानं सांगावं, असं प्रत्येकानं मनाशी म्हटलं आणि गसीच्या तोंडाकडे बघत राहिला. गसीनं तोंड उघडलं नाही. आणि हॅनराहनांच्या घरात म्हणाल, तर आमच्या सगळ्यांच्या घरांसारखंच होतं ते. तिथं हवेवर बोलतात, बटाट्यांवर बोलतात, शेजाऱ्याच्या गुडघ्यावर बोलतात. मुद्द्याचं तेवढं कुणी काढत नाही.

मग डिम्फ्नानं स्वतःच्या पद्धतीनं उट्टं काढायला सुरुवात केली. गसी खेळत होता तोवर त्याची जर्सी ती साबण न काढताच वाळवायची. कोरड्या दिवशी काही कळायचं नाही, पण आमच्याकडे कोरडे दिवस असतात किती? पाऊस आला की गसीच्या पाठीवरून फेस उतरायला लागायचा. आख्खा बांध हसायचा. "गसी, दाढी करून ये रे!" कप्तान झाला त्या दिवशी तर तो डोक्यापासून पायापर्यंत फेसाळला होता. तो डिम्फ्नाकडे बघायचा, डिम्फ्ना आकाशाकडे.

पण फेसानं कुणाचं काही बिघडत नाही. गसी कप्तान झाला, मग संघ निवडणारा झाला, मग अध्यक्ष. घरं-जमिनींचे लिलाव करायचा, त्यात बरकत आली. म्हाताऱ्या खेळाडूंना स्वतःच्या गाडीत घालून सामन्याला न्यायचा. कुणाच्या घरी मयत झालं तर पहिली खुर्ची तो उचलायचा. सगळे म्हणायचे, माणूस असावा तर गसीसारखा. मीही म्हणायचो. केसानं गळा कापणाऱ्याचे हात नेहमी मऊच असतात, हे कळायला मला पंचावन्न वर्षं लागली.

दर मंगळवारी डिम्फ्ना चर्चमध्ये एक मेणबत्ती लावायची. कुणासाठी गं, असं मी एकदा विचारलं.

"गसी मलक्वीनला उदंड आयुष्य मिळावं म्हणून."

"काय सांगतेस!"

"आई आहे तोवर मला बोलता येत नाही, मॉसी. आई जाईपर्यंत तो जगायला हवा. मेलेल्याचं काय करायचं मी?"

त्या वेळी मला यातलं ओ की ठो कळलं नाही. मी पेला पुसत राहिलो.

नोनी हॅनराहन दोन हजार चारच्या जानेवारीत गेली, नव्वदाव्या वर्षी. सेनन आला होता. अडतीस वर्षांत दुसऱ्यांदा. गसीनं चर्चच्या दारात त्याचा हात हातात घेतला आणि "तुझ्या दुःखात सहभागी आहे, सेनन," म्हणाला, सगळे म्हणतात तसं. सेनननं मान हलवली, सगळे हलवतात तशी. डिम्फ्ना दोघांकडे बघत होती. आईच्या नावानं चर्चमध्ये महिन्याचा मास होईपर्यंत ती थांबली. आमच्याकडे गेलेल्या माणसाला महिनाभर तरी शांतपणे झोपू देतात. मास झाला, आणि पुढच्याच आठवड्यात आमचा विंगरांचा शुक्रवार होता.

हा शुक्रवार आमच्या क्लबाची जुनी खोड आहे. आयर्लंडचा वसंतातला पहिला सामना ज्या शनिवारी असतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी बारमध्ये वाद घालायचा. विषय एकच, आयरिश विंगरचं बळ कशात आणि दुबळेपण कशात. बोलणाऱ्यानं बियरच्या खोक्यावर चढायचं. तो चढला की मी काळ्या स्टाउट बियरचा ग्लास भरून समोर ठेवतो. फेस वर जाऊन ग्लास खाली काळाभोर होईपर्यंत बोलायचं, मग उतरायचं. अध्यक्ष घंटा वाजवतात. बायकांना खोक्यावर चढायची बंदी होती ती डिम्फ्नानं सत्त्याऐंशी साली मोडली. सलग तीन शनिवार जर्स्या न धुता परत पाठवल्या. तिसऱ्या शनिवारी समोरच्या संघानं हात मिळवायला नकार दिला, आणि समितीनं ठराव केला.

त्या वर्षी गर्दी जास्त होती, कारण वादानंतर एक घोषणा व्हायची होती. नवीन छताच्या स्टँडला गसीचं नाव देणार होते. स्टँडचं रंगीत चित्र भिंतीवर लावलं होतं, त्यावर मोठ्या अक्षरांत मलक्वीन. टेबलांवर डुकराचे उकडलेले पाय, हॅमची सँडविचेस.

पहिला चढला बसचालक टुही. "आयरिश विंगरचं बळ म्हणजे त्याचा धीर! ऐंशी मिनिटं थंडीत उभा, चेंडू म्हणून कुणी देत नाही. पण आभाळातून चेंडू खाली येताना, वारा त्याला नाचवतोय, समोरून तीन बैल धावून येताहेत, तेव्हा त्याच्याखाली उभा कोण राहतो? फ्रान्सचा? फ्रान्सचा तेव्हा केस नीट करत असतो!"

त्याच्यावर दातांचे डॉक्टर लायन्स. "धीर कसला? आळस! फ्रान्सचा विंगर भूक लागली की सरळ स्वयंपाकघरात शिरतो आणि झाकण उघडून बघतो. आमचा मात्र बाहेरच्या खोलीत टोपी मांडीवर ठेवून बसणार, कुणी आणून देईल म्हणून. वळणार तोही उजव्याच पायावर. उजवा पाय लंगडा झाला तर हा थेट डब्लिनला पोचेल!"

"तुझ्या खुर्चीत बसून दात काढताना तू काय दोन्ही पायांवर वळतोस काय रे?" टुही ओरडला. गसी हसत घंटा बडवत होता. डोळे पुसण्याइतकं हसत होता.

मग डिम्फ्ना चढली. अंगात आईच्या मयताला घातलेला काळाच कोट. "ग्लास भर, मॉसी."

मी भरला. हात आपोआप हळू चालला.

"पाय बघितलेत, हात बघितलेत," ती म्हणाली. "मी चाळीस वर्षं त्यांच्या जर्स्या बघितल्या. आयरिश विंगरचं बळ त्याच्या खांद्यात आहे. दुसऱ्याला पाडण्यासाठी आधी स्वतः पडायला तो भीत नाही. त्याचं दुबळेपण त्याच्या जिभेत आहे. मोडला तरी बोलत नाही. एखादा असतो, तो गोड बोलतो. तो वेगळ्या कारणानं गप्प बसतो."

"मुद्द्यावर ये, डिम्फ्ना," गसी म्हणाला. "फेस बसत आला."

"आलेच, अध्यक्ष महाराज. सहासष्टचा अंतिम सामना." टुहीनं हातातला ग्लास खाली ठेवला. "त्या आठवड्यात जर्स्या मी उकळल्या. चौदा नंबर आटली. माझी चूक. सेननला ती बसेना, म्हणून त्यानं अकरा घातली. त्याचं पदक मला अकरा नंबरमध्ये सापडलं. माझ्या वाट्याचं मी बोलले. आता चौदा कुणाच्या अंगात होती, ते अध्यक्षांनी सांगावं."

गसी नाही म्हणू शकला असता. पुरावा होता कुठं? पण चाळीस जोडी डोळे त्याच्यावर होते, आणि त्यातले दोन-तीन जुने असे होते की ज्यांनी खाली मान घातली होती. त्यानं घंटा टेबलावर ठेवली.

"माझ्या," तो म्हणाला. "टॅकल मी चुकवला. सेननचा दोष नव्हता."

मी मनात म्हटलं, झालं, मिळालं तिला. पण आमची माणसं मोठी दिलदार, आणि दिलदारपणाइतकी संतापजनक गोष्ट कधीकधी दुसरी नसते. डॉक्टर लायन्स उठला. "शाबास, गसी! इतक्या वर्षांनी, सगळ्यांसमोर! ह्याला म्हणतात छाती!" आणि त्यानं टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग पंचवीस जणांनी. कुणी गसीच्या पाठीवर थाप मारली, कुणी त्याच्यापुढे ग्लास सरकवला. अडतीस वर्षं चोरलेला माल परत केला, आणि तोही दुसऱ्यानं मान धरल्यावर, तर त्याला टाळ्या! माझ्या हातात बाटली होती ती मी कुणाच्या डोक्यात घातली नाही, हे माझं नशीब.

गसीच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगलं खरं पाणी. "आणि डिम्फ्नाला कुणी काही बोलू नका," तो म्हणाला. "पोर होती ती. जर्सी आटवली, होतं माणसाकडून. मी तिला कधीच माफ केलंय."

चोर तो चोर, वर शिरजोर.

डिम्फ्ना खोक्यावरून उतरली. तिचा आवाज चढला नाही. "मॉसी, सेननला फोन लाव. ह्याला म्हणावं, हेच त्याला सांग."

माझ्या कानामुळं बारचा फोन मोठ्यानं बोलणारा आहे, सगळ्यांना ऐकू जातो. मी नंबर फिरवला. कॉव्हेंट्रीला घंटा वाजली, आणि सेननचा आवाज आला. वरून इंग्लंडचा झालेला, खालून अजून आमच्याच गल्लीचा.

"कोण? मॉसी? काय झालं, डिम्फ्नाला काही झालं का?"

"मी आहे, सेनन," गसी म्हणाला. "गसी. क्लबातनं बोलतोय. मी सांगून टाकलं बाबा सगळ्यांना. चौदा मी घातली होती म्हणून."

पलीकडे मागे टीव्ही चालला होता, तो कुणीतरी बंद केला.

"बरं," सेनन म्हणाला. "लवकर आठवण झाली."

"डिम्फ्नानंही सांगितलं. जर्सी तिच्या हातून आटली ते. तिचं काही मनावर घेऊ नको तू."

"काय आटली?"

"अरे, चौदा. उकळल्यामुळं."

"कोण म्हणतं आटली?" सेननचा आवाज बदलला. "चौदा मला सैल व्हायची. गसी, तुझा खांदा निखळला होता त्या मंगळवारी. पट्ट्या गुंडाळून हा एवढा फुगवलेला. तुझी अकरा त्याच्यावरून जाईना. कप्तानाला कळलं तर बाहेर बसवतील, सेनन, तुझी मोठी आहे, दे मला, असं म्हणत होतास. मी दिली, तुझी अकरा कशीबशी अंगात चढवली. सामन्यानंतर म्हणालास, आठवडाभर गप्प रहा, खांदा बरा होऊ दे, मीच सांगतो. मी अकरा दिवस थांबलो."

टाळ्या वाजवलेले हात आता कुठं ठेवावेत ते लोकांना कळेना. टुही उठला, भिंतीवरचं स्टँडचं चित्र काढलं, त्याची गुंडाळी केली आणि माझ्याकडे दिली. मी ती रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यात टाकली.

"डिम्फ्ना, आहेस का तिथं?" सेनन विचारत होता. "तुला ठाऊक होतंच ना गं? जर्स्या तूच धुतल्यास. मला वाटायचं, जगाला नाही तरी आईला तरी तू सांगितलं असशील. त्या भरवशावर तर मी गप्प राहिलो इथं."

डिम्फ्नानं एक हात बारच्या कडेवर ठेवला होता. "तुझा चहा गार होईल, सेनन," ती म्हणाली. "उद्या करते मी फोन." आणि तिनं स्वतःच फोन ठेवला.

गसी उभा होता. म्हातारा दिसत होता. "डिम्फ्ना, चोवीस वर्षांचा होतो गं मी. भ्यालो होतो. एकदा खोटं बोललो, मग ते मागं घ्यायला जागाच सापडेना." त्यानं हात पुढे केला. त्या खोलीत एक क्षणभर सगळ्यांना वाटलं की आता ती तो घेईल. मलाही वाटलं, आणि मला ते नको होतं.

"गेली त्या दिवशी दुपारी आईनं मला जवळ बोलावलं," डिम्फ्ना म्हणाली. "म्हणाली, 'सेननवर माझा राग नाही गं. पण एवढंच कळत नाही, माझ्या पोरानं अंग का चोरलं?' मी तिचे ओठ पुसले. बोलले नाही. तिला वाईट वाटेल म्हणून अडतीस वर्षं बोलले नाही. तिला कळू नये म्हणून तिच्या मरणाची वाट बघत बसले मी, गसी. स्वतःच्या आईच्या."

"मी काय करू सांग," गसी म्हणाला. "सांगशील ते करतो."

"मी तुला माफ करणार नाही. ते मागू नको." तिनं कोटाची बटणं लावली, सावकाश, वरपासून खालपर्यंत. "तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहेस, आणि तुझ्या छातीत ते हृदयाचं यंत्र बसवलंय. तू माझ्याआधी जाशील. वर आई भेटेल तुला. तिला तू सांग. मी मागून येते आहे. आल्याबरोबर पहिलं तिला विचारणार आहे, गसीनं सांगितलं का."

गसीनं हात मागे घेतला.